आधी वहीत लिहा, मग वायर जोडा

नववीच्या वर्गात ५६ पोरं आहेत आमच्याकडे, आणि धाराविद्युतच्या पहिल्या तासाला मी चौघाचौघांचे गट करून प्रत्येक गटाला एक पेन्सिल सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वीतभर वायरचा एकच तुकडा देते, आणि म्हणते की हा बल्ब लावून दाखवा. होल्डर नाही, स्विच नाही. दोन मिनिटांत तक्रारी सुरू होतात, "बाई आमच्याकडे एकच वायर आलीय", "बाई दुसरी वायर राहिली वाटतं".

पण वस्तू हातात द्यायच्या आधी अजून एक गोष्ट करते, आणि ही पोस्ट खरं तर त्याच गोष्टीसाठी लिहितेय. प्रत्येकाने वहीत चित्र काढायचं, सेल कुठे, बल्ब कुठे, वायरची दोन टोकं कुठे. पेननेच काढायचं आणि नंतर खोडायचं नाही. अर्ध्याहून जास्त वह्यांत दरवर्षी एकच चित्र येतं, सेलच्या वरच्या टोपीपासून वायर निघते आणि बल्बच्या बुडाला जाऊन थांबते, झालं. म्हणजे टाकीतून पाइपने नळाला पाणी यावं तशी वीज बल्बला येते असं पोरांना वाटतं, आणि का नाही वाटणार, घरातल्या टेबलफॅनला बाहेरून बघितलं तर एकच वायर दिसते ना, तिच्या पोटात दोन तारा आहेत हे कुणी उघडून दाखवलेलं नसतं. "परिपथ पूर्ण असावा लागतो" (परिपथ म्हणजे वीज सेलमधून निघून फिरून परत सेललाच येण्याचा रस्ता) हे वाक्य याच पोरांनी सातवी-आठवीत पाठ केलेलं असतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेले असतात.

मग जोडायला लागतात आणि बल्ब लागत नाही. सेल उलटा करून बघतात, बल्ब झटकून बघतात, मला म्हणतात हा उडालेला आहे. एखाद्या गटात वायरची दोन्ही टोकं सेललाच टेकतात आणि कुणीतरी ओरडतं "बाई तापली". (दीड व्होल्टचा सेल आहे म्हणून चालतं, पण लगेच सोडायला सांगायचं, आणि घरच्या प्लगला यातलं काहीही करायचं नाही हे त्याच तासाला तीनदा बोलायचं.) तापली म्हणजे वायरमधून काहीतरी जातंय, पण बल्बमधून जात नाहीये, एवढं कळलं की कुणीतरी बल्ब नीट निरखून बघतं आणि मग लक्षात येतं की बल्बला टेकवायच्या जागा दोन आहेत, एक बुडाचा ठिपका आणि दुसरी बाजूची धातूची टोपी. बल्बचं बूड सेलच्या वरच्या टोकावर धरलं आणि वायर सेलच्या खालून निघून बल्बच्या बाजूला टेकली, लागला! पहिला बल्ब लागला की पाच मिनिटांत चौदाही लागतात आणि शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून जातात.

पूर्वी मी हे सगळं टेबलावर स्वतः करून दाखवायचे. नीट होल्डर, लाल-काळी वायर, बल्ब लागायचा, पोरं आ वासून बघायची, मलाही वाटायचं छान तास झाला. आठवड्याने चित्र काढायला सांगितलं की परत तीच एक वायर. तेव्हा फार वाईट वाटायचं, खूप दिवस वाटलं पोरांचं लक्ष नाही. मग लक्षात आलं की ज्याने स्वतःचा अंदाज बांधलेलाच नाही त्याला प्रयोग बघून काहीच धक्का बसत नाही, तो म्हणतो "हो मला असंच वाटलं होतं" आणि पुढे जातो. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून २००४ मध्ये छापलंय, नुसता प्रयोग बघणाऱ्या विद्यार्थ्यांची समज प्रयोग अजिबात न बघितलेल्यांपेक्षा फारशी पुढे नव्हती, पण ज्यांनी आधी अंदाज नोंदवला होता त्यांना नंतर कारण सांगता येत होतं. ते वाचल्यापासून पेनची अट मी कधीच मोडली नाही, वेळ कमी असला तर एक प्रयोग गाळते पण अंदाज लिहायची दोन मिनिटं गाळत नाही.

एकदा दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, लावायचे होते. अंदाज विचारला, कुठला जास्त प्रकाश देईल? जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं पहिला, कारण करंट आधी त्याच्याकडे येतो, तो थोडा खातो, उरलेला दुसऱ्याला. मी निवांत होते, दोन्ही सारखे लागणार आणि मग बोलू. बल्ब लावले तर खरंच पहिला लख्ख आणि दुसरा मिणमिणता! वर्ग जिंकल्यासारखा ओरडला आणि मला क्षणभर काही सुचेना. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तासाला फारसा बोलत नाही, तो म्हणाला "बाई जागा बदलून बघू का". बदलली. लख्ख होता तो दुसऱ्या जागेवर गेला आणि तिथेही लख्खच राहिला. सगळा वर्ग गप्प. म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बचा होता, दोन वेगवेगळ्या पाकिटांतले बल्ब होते आणि त्यांचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वेगळा होता. मग एकाच पाकिटातले दोन लावले तेव्हा सारखे लागले. आता मी मुद्दाम वेगळे बल्ब नेते, कारण तारेतून जेवढी धारा, म्हणजे करंट, जाते तेवढीच परत येते, बल्ब घेतो ती ऊर्जा, हे मी तोंडाने कितीही वेळा सांगितलं असतं तरी त्या अदलाबदलीइतकं पोचलं नसतं. हल्ली सगळीकडे एलईडी झाल्यामुळे हे बल्ब मिळणं अवघड झालंय, जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दिसले की मी डझनभर घेऊन ठेवते.

दोलकाला, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलणाऱ्या वजनाला, मी दोन पूर्ण तास देते आणि खर्च शून्य, ट्रॅक्टर गॅरेजवाले जुने नट फुकट देतात. दोरा, नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. पहिला प्रश्न, चार नट लावले तर झोका लवकर होईल की उशिरा? पोरं लिहितात लवकर, जड आहे म्हणून. मोजल्यावर तेवढाच वेळ येतो. इथे एक गोची आहे ती लिहून ठेवते, नट एकाखाली एक माळेसारखे बांधायचे नाहीत. मी पहिल्या वर्षी तसेच बांधले आणि वेळ थोडा वाढला, पोरांनी निष्कर्ष काढला की जड दोलक हळू चालतो, आणि त्यांच्या आकड्यांवरून त्यांचं बरोबरच होतं. झालं असं होतं की नट खाली वाढत गेले तसा वजनाचा मध्य खाली गेला, म्हणजे दोलकच लांब झाला. आता यूपिनचा आकडा करून सगळे नट त्याच आकड्यात अडकवते.

दुसरा प्रश्न लांबीचा. एक मीटर दोऱ्याला १० दोलनांना (जाऊन परत आला की एक दोलन) २० सेकंद लागतात, हे आधी सगळे मिळून मोजतो. मग वहीत लिहा, दोरा निम्मा केला, ५० सेंटीमीटर, तर किती? झाडून सगळे १० लिहितात. येतात १४. परत मोजतात, परत १४. मग मी विचारते की १० च हवे असतील तर दोरा किती ठेवू, आणि इथून पुढे मला काही बोलावं लागत नाही, ४० करून बघतात, ३० करून बघतात आणि २५ ला येऊन थांबतात. वेळ निम्मा करायला लांबी पाव करावी लागते, हे सूत्र फळ्यावर यायच्या आधी पोरांच्या बोटांतून आलेलं असतं. एका मुलीने विचारलं की एक मीटरला बरोब्बर दोन सेकंद कसे काय, एवढा सरळ आकडा? फार आवडला मला तो प्रश्न. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये मीटर ठरवत होते तेव्हा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणाऱ्या दोलकाची लांबी हेच माप धरावं असा प्रस्ताव होता, ती लांबी साधारण ९९.४ सेंटीमीटर भरते. पुढे १७९१ मध्ये त्यांनी पृथ्वीच्या घेरावरून मीटर ठरवला, पण दोन्ही मापं इतकी जवळ आहेत की आमच्या स्टॉपवॉचला फरक कळत नाही.

बुडाला भोक पाडलेली पाण्याची बाटली गॅलरीतून सोडायची, तो प्रयोग बहुतेक शिक्षकांना माहीत असेल. पडताना धार वाढेल असं पोरं लिहितात आणि ती चक्क थांबते. वर फेकली तरी, हातातून सुटल्या क्षणापासून थांबलेलीच असते, हे नक्की करून घ्या, कारण तिथे अंदाज परत चुकतात.

आता या वर्षीचं सांगते. दोलक झाला आणि चार दिवसांनी नागपंचमी आली. आमच्याकडे अजून चिंचेला झोके बांधतात. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी तीन मुली वही घेऊन आल्या, त्यांनी झोक्यावर बसून १० झोके मोजले होते, ४४ सेकंद. कुणी ढकलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, हे नियम त्यांनीच केले होते. मग तीच मुलगी झोक्यावर उभी राहिली, ४२ सेकंद. आणि मोजायच्या आधी तिघींनी आपापला अंदाज पेनने लिहिला होता, मी काही सांगितलं नव्हतं! दोघींचं म्हणणं होतं की फरक पडणार नाही, दोरी तीच आहे.

पुढचं गणित त्यांनी माझ्यासमोर केलं. एक मीटरला दोन सेकंद, आमचा झोका ४.४ सेकंदांचा म्हणजे २.२ पट, मग लांबी २.२ गुणिले २.२, म्हणजे ४.८४ मीटर. सूत्र नाही, वर्गमूळ नाही. मग बाबांचा टेप नेऊन फांदीपासून फळीपर्यंत दोरी मोजली तर ती भरली ५ मीटर १० सेंटीमीटर. मी म्हटलं चूक झाली असेल मोजताना, तर म्हणाल्या दोनदा मोजलीय. त्यातली एक वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही नट एकाखाली एक लावू नका म्हणाला होता ना, मध्य खाली जातो म्हणून. मग दोरी फळीपर्यंत का मोजायची? मी फळीच्या वर बसलेय. माझा मध्य कुठे आहे?"

मी उत्तर दिलं नाही. तोच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि वर्गाला वह्या उघडायला सांगितल्या. काहींनी पोट लिहिलंय, काहींनी छाती, एकाने डोकं लिहिलंय कारण ते सगळ्यात जड असतं. शनिवारी लाकडी फळी, दोन विटा आणि वजनकाटा घेऊन या म्हणून सांगितलंय.