फोमध्ये रस्साच नसेल तर उरतं काय?

पश्चिम नागपुरात काही महिन्यांपूर्वी एक एशियन रेस्टॉरंट सुरू झालं. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'व्हिएतनामी फो' लिहिलंय. फो म्हणजे गरम, नितळ रश्शातल्या तांदळाच्या शेवया. नाव देत नाही, कारण कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण तिथे फो म्हणून जे वाढतात ते खाऊन मी इतकी नाराज झाले आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यांनी फो आधी कधी खाल्लेलं नाही, ते तिथे जातील, चारशे-सव्वाचारशे रुपये मोजतील आणि 'फो म्हणजे हे असं पाणचट असतं होय' म्हणून कायमची फुली मारतील. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मी आणि माझे यजमान थंडीच्या दिवसांत हनोईला गेलो होतो. तिथल्या जुन्या वस्तीत, हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशीच, एक बाई सकाळी फो विकायची. फूटपाथवर बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, आत एक भलंमोठं पातेलं आणि पदार्थ एकच, फो गा, म्हणजे कोंबडीचं फो. पातेलं संपलं की दुकान बंद. आम्ही पोचायचो तेव्हा ऑफिसला जाणारी मंडळी, शाळेच्या गणवेशातली पोरं असे सगळे मान खाली घालून भुरके मारत बसलेले असायचे.

तिचं हातकाम मी टक लावून बघायची. तांदळाच्या पिठाच्या चपट्या, ओल्या शेवया ती लांब दांड्याच्या गाळणीत घ्यायची, उकळत्या पाण्यात बुडवून काही सेकंदांत वर काढायची, झटकायची आणि वाडग्यात टाकायची. वर उकडलेल्या कोंबडीचे, पिवळसर सालीसकट कापलेले तुकडे. कांद्याची पात, थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबाच्या झाडाची पानं अगदी केसासारखी बारीक चिरून. मग वरून वाफाळता रस्सा, तोही असा नितळ की वाडग्याच्या तळाची शेवई दिसावी. टेबलावर व्हिनेगरात मुरलेल्या लसणाच्या चकत्या, लाल मिरची आणि लिंबाच्या फोडी. पहिला चमचा घेतला आणि यजमान म्हणाले, "हे आजारी माणसाला दिलं तर उठून बसेल." मला त्या नितळ रश्शात एवढी चव कुठून आली, याचंच नवल वाटत होतं.

नंतर वाचून आणि स्वतः करून कळलं की फोचा सगळा जीव त्या रश्शात असतो. हाडं आधी उकळत्या पाण्यात टाकून मळी काढायची, ते पाणी ओतून द्यायचं, हाडं धुवायची आणि नव्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. कांदा आणि अद्रक थेट जाळावर काळे होईपर्यंत भाजायचे, जळकी साल काढून पातेल्यात सोडायचे. चक्रीफूल, कलमी (दालचिनी), लवंग, मोठी विलायची, धणे कोरडेच भाजून पुरचुंडीत बांधायचे. वर येणारा फेस सतत काढत राहायचा. खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर चरबी पाण्यात फेटली जाऊन रस्सा गढूळ होतो. चव आणायची ती फिश सॉसने आणि जराशा खडीसाखरेने. कोंबडीचा रस्सा तीन-चार तासांत होतो; गोमांसाच्या हाडांचा असेल तर लोक तो रात्रभरही ठेवतात. यात अवघड असं काही नाही. फक्त वेळ द्यावा लागतो आणि पातेल्याजवळ कोणीतरी राहावं लागतं.

आता आपल्या इथलं सांगते.

पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीबरोबर, मोठ्या उत्साहाने. मेनू उघडला तेव्हाच जरा शंका आली: सुशी, मोमो, थाई करी, कोरियन फ्राइड चिकन, पास्ता आणि शेवटच्या पानावर फो. एका स्वयंपाकघरात इतके प्रकार होत असतील, तर कोणत्या चुलीवर रश्शाचं पातेलं सकाळपासून ठेवलं असेल? तरी मागवलं. दहा मिनिटांच्या आत वाडगा समोर.

रस्सा तपकिरी होता, सोया सॉसचा रंग. वर एक चकचकीत तवंग होता, पण तो चरबीचा नव्हता. चमचा फिरवला तर पाणी किंचित जाडसर लागलं. कॉर्नफ्लोअर! नितळपणा हाच ज्या रश्शाचा गुण, त्यात कॉर्नफ्लोअर घालायची बुद्धी कोणाला होते? चव स्टॉक क्यूबची. आधी जिभेवर खारट आणि मागे काहीच नाही. ना चक्रीफुलाचा वास, ना भाजलेल्या अद्रकाचा. शेवया एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झालेला; काट्याने उचलला तर सगळाच्या सगळा वर आला. आधी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेल्या असणार आणि गरम पाण्यात परत न बुडवता तशाच वाडग्यात टाकलेल्या. गार शेवयांनी रस्साही कोमट करून टाकला होता. चिकन ग्रिलवरचं, त्याला तंदुरी मसाल्याचा वास. सोबत बेबीकॉर्न, गाजराच्या कच्च्या चकत्या आणि मोड आलेली मटकी. फोसोबत मोड देतात हे खरं आहे, दक्षिण व्हिएतनाममध्ये तसं देतात. पण ते मुगाचे, लांब पांढऱ्या शेपटीचे, रसरशीत. कच्ची मटकी दाताखाली कचकच वाजत राहिली.

मैत्रीण बिचारी म्हणाली, "छान आहे गं, लाइट आहे." तिने फो आधी कधी चाखलं नव्हतं. तिला काय सांगणार? मी गप्प राहिले आणि बिल दिलं.

नवीन दुकान आहे, बसायला वेळ लागतो असं मनाला समजावून मी पुन्हा गेले ती जानेवारीत, सासूबाईंना घेऊन. नागपूरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, रात्री पारा दहाच्या खाली जातो. त्यांची कवळी नवीन होती, पोळी चावत नव्हती, तोंडाची चव गेली होती. मी त्यांना हनोईचं फो कितीदा वर्णन करून सांगितलेलं. "आई, मऊ शेवया आणि गरमागरम सूप, तुम्हाला नक्की जाईल," असं म्हणून शाल पांघरून, पायमोजे घालून त्यांना नेलं. त्या सहसा हॉटेलात येत नाहीत. माझ्या शब्दावर आल्या.

वाडगा पुन्हा कोमटच. आईंनी दोन चमचे घेतले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काय गं, हे तं नुसतं कोमट पानी हाय बाप्पा. मीठ तेवढं लागते." मग वाढणाऱ्या पोराला जवळ बोलावून प्रेमाने म्हणाल्या, "बाबू, जरा गरम करून आनतो का?" तो वाडगा घेऊन आत गेला. परत आणला तेव्हा कडा हाताला चटका लागेल इतक्या तापलेल्या आणि मधला गोळा गारच. मायक्रोवेव्हमध्ये फिरवला होता. शेवया आता चामड्यासारख्या झालेल्या. आईंनी एकही घास गिळला नाही. घरी येऊन मी त्यांना मुगाच्या डाळीची पातळ खिचडी करून दिली, ती त्यांनी पोटभर खाल्ली. त्या रात्री मला खरोखर राग आला होता. पैशाचा प्रश्न नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाला गरम सूप तरी गरम मिळायला हवं की नाही?

निघताना मी मॅनेजरशी बोलले. आवाज न चढवता, जे जे खटकलं ते सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल रेसिपी बीफची आहे. इथे बीफ करता येत नाही, त्यामुळे चव थोडी वेगळी लागणारच."

हे उत्तर मला मान्य नाही. 2015 पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे हे खरं, आणि फो मुळात गोमांसाचंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचांच्या काळात, उत्तर व्हिएतनाममध्ये हनोई आणि नाम दिन्ह या भागात ते रूढ झालं. पण कोंबडीचं फो ही काही आपण इथे बसून काढलेली पळवाट नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस हनोईत आठवड्यातले ठराविक दिवस गोमांस विकत मिळायचं नाही, तेव्हा फोवाल्यांनी कोंबडी वापरायला सुरुवात केली, असं सांगतात. आज हनोईत फक्त फो गा विकणारी दुकानं आहेत आणि त्यांच्यासमोर रांगा लागतात. कोंबडी नागपुरात मिळत नाही का? अद्रक, कांदा, चक्रीफूल, कलमी, मोठी विलायची हे सगळं इतवारीत मसाल्याच्या दुकानांतून पोत्याने मिळतं. फिश सॉस आणि तांदळाच्या नूडल्स आता सुपरमार्केटमध्ये असतात. बीफचं नाव पुढे करून कॉर्नफ्लोअरवर पांघरूण घालता येत नाही.

त्यांच्या व्हेज फोचंही तसंच. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने मागवलं होतं, रंग आणि तवंग हुबेहूब आमच्यासारखा. म्हणजे दोन्ही वाडग्यांचं पाणी एकच असावं असा मला दाट संशय आहे. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतून आलेलं शाकाहारी जेवण चांगलं रुजलेलं आहे, अमावास्या-पौर्णिमेला मांस न खाणारे लोक तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं फो मुळा, गाजर, मशरूम, भाजलेला कांदा यांच्या रश्शावर उभं असतं. दीक्षाभूमीच्या या शहरात असं एक चांगलं शाकाहारी फो मिळालं तर किती जण आवडीने खातील!

आणि नागपूरकरांना रस्सा कळत नाही, असं तर कोणीच म्हणू शकत नाही. सावजी भोजनालयात रश्शाला वरून नुसतं तिखट मारलंय की मसाला नीट भाजून-वाटून शिजवलाय, हे इथला माणूस पहिल्या घासात सांगतो. तिथे कोणी कॉर्नफ्लोअर घालून दाखवावं! तिथे जी पारख आपण लावतो, तीच फोला लावायला काय हरकत आहे? परदेशी पदार्थ म्हटला की आपण जरा दबतो, 'असंच असेल' म्हणून पुढे ढकलतो. माझी मैत्रीण तेच करत होती.

आता मी घरीच करते. कोंबडीवाल्याकडे आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तो पाठीची हाडं, माना आणि पंजे बाजूला काढून ठेवतो. पंज्यांनी रश्शाला जरा चिकटपणा येतो, तो हवाच. रविवारी सकाळी पातेलं चढवते. कांदा-अद्रक गॅसवर भाजताना घरभर धूर होतो, यजमान खिडक्या उघडत फिरतात. अख्खी कोंबडी त्याच पाण्यात पाऊण-एक तास शिजवून बाहेर काढायची, मांस सोडवून घ्यायचं आणि हाडं परत पातेल्यात. पुरचुंडी शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासापुरतीच. जास्त वेळ राहिली की चक्रीफूल बाकी सगळ्यावर कुरघोडी करतं आणि रस्सा औषधासारखा लागतो. लिंबाची पानं आमच्या गच्चीवरच्या कुंडीतली. तुळशीची पानं मात्र घालू नका, तो वास निराळा आणि उग्र आहे.

आईंना मी शेवया लहान तोडून, चिकन बारीक कुसकरून देते. परवा त्यांनी वाडगा रिकामा करून विचारलं, "त्या हाटेलवाल्याले शिकव ना जाऊन." मी मॅनेजरला ईमेल लिहिला आहे. मेनूतले चार पदार्थ कमी करा, फो आठवड्यातून फक्त शनिवार-रविवारी ठेवा, तेही पातेलं संपेपर्यंत, आणि वाडगा टेबलावर येईल तेव्हा त्यातून वाफ निघाली पाहिजे. अजून उत्तर आलेलं नाही. आलं आणि त्यांनी खरंच तसं केलं, तर पहिल्या शनिवारी आईंना घेऊन मी तिथे हजर असेन आणि इथे त्यांचं नावही लिहीन.