प्रबंध कृतिदेवमध्ये असेल तर

प्राध्यापकांच्या डिजिटल कार्यशाळांत गूगल फॉर्म, मूडल, प्रेझेंटेशन सगळं शिकवतात. मराठी टायपिंग मात्र कॉलेजबाहेरच्या डीटीपीवाल्याकडेच राहतं. तो कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप करून देतो, प्रिंट झकास येते, आणि कुणाला काही खटकत नाही.

खरी गोम फाइलच्या आत असते. या जुन्या फॉन्टांत कागदावर मराठी दिसते, पण साठलेली असतात रोमन अक्षरं. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. असा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला तरी त्यात ‘मराठी’ शोधून सापडणार नाही. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो वाचता येत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण कृतिदेवमधल्या प्रबंधाचं साम्य शून्याजवळ आलं, तर त्यावरून विद्यार्थ्याची सचोटी ठरत नाही.

जुनी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणताना सगळा मजकूर एकदम कन्व्हर्टरमध्ये ओतू नका. मधली इंग्रजी नावं आणि संदर्भसूचीसुद्धा ‘मराठी’ होऊन बसते. आधी फाइलची प्रत काढा. वर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड फाइंडमध्ये शोधशब्द रिकामा ठेवून फॉरमॅटमधून कृतिदेव निवडा, ‘फाइंड इन’मधून मुख्य मजकूर निवडा आणि त्याला लाल रंग द्या. लाल तेवढंच बदलायचं, परिच्छेदागणिक. तळटीपा वेगळ्या निवडाव्या लागतात. नेमक्या त्याच राहून जातात.

चुका ठरावीक जागी होतात: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते; रफाराचं उलटं. म्हणून ‘निर्मिती’, ‘वार्षिक’ असे शब्द मुद्दाम तपासा. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की तिथं मात्रा निराधार लटकते आहे.

नव्यानं टाइप करायला विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मधून मराठी जोडा, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबले की कीबोर्ड बदलतो. उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक पर्याय विंडोज १० मध्ये २०१९ पासून आहे. तरी ज्याला दोनशे पानं लिहायची आहेत त्यानं इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्डच शिकावा. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या, हलन्त डी वर. रोज २० मिनिटं बसलात तर बोटं वळतात.

‘दुसऱ्या’मधला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी आणि य असा येतो. शिफ्ट विसरलात तर ‘दुसर्या’ उमटतं. ‘ॲ’चा घोळ आणखी छुपा: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखी, शोधताना निराळी. विभागानं एकच रूप ठरवावं आणि शेवटी ‘रिप्लेस’ मारून सगळीकडे तेच करावं.

पीडीएफ जमा करण्याआधी त्यातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. जोडाक्षरं तुटली असतील तर प्रिंटच्या वाटेनं केलेली पीडीएफ बाजूला ठेवून वर्डच्या ‘सेव्ह ॲज’मधून पुन्हा बनवून पाहा, आणि मार्गदर्शकांना वर्डची मूळ फाइलही द्या.