तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसांनी नेल्यानंतरचे 24 तास

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी फौजदारी वकिली करतो, त्यामुळे रामबागेतले शेजारी आणि नातेवाईक मला एक प्रश्न हमखास विचारतात: घरातल्या माणसाला पोलिसांनी नेले, तर सर्वांत आधी काय करावे? माझे उत्तर असे, की जामिनाच्या धावपळीला लागण्यापूर्वी त्याला नेल्याची वेळ लिहून ठेवा आणि तीच वेळ कोणाला तरी मोबाइलवर कळवा.

संविधानाच्या अनुच्छेद 22 नुसार अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे कळवावी लागतात, त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते, पण खरा वाद हे तास कुठून मोजायचे याचाच असतो. माणसाला संध्याकाळी सातला घरातून नेतात, घरच्यांना ‘चौकशीसाठी बसवले आहे’ एवढेच सांगतात, आणि अटकेच्या कागदावर वेळ पडते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची. मधली रात्र कागदावर नसते, आणि धमक्या, मारहाण, कोऱ्या कागदांवरच्या सह्या यांची भीती याच रात्री सर्वांत जास्त असते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हा 1872 च्या पुरावा कायद्यातला नियम नव्या साक्ष अधिनियमातही कायम ठेवला आहे, तो याच भीतीपोटी. मात्र त्या कबुलीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो, हेही लक्षात असू द्यावे.

कोठडीतल्या छळाबद्दलच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी घालून दिलेले नियम आता 1 जुलै 2024 पासून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी, लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. अटकेचा कागद जागेवरच तयार व्हावा, त्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असावी आणि आरोपीचीही सही असावी. साक्षीदार म्हणून तुम्हाला बोलावले, तर आधी वेळेचा रकाना वाचा आणि ती खोटी असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहा. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला आहे, तेव्हा त्या रात्रीचे चित्रण जपून ठेवावे असा अर्ज लगेच करावा. उशीर झाला की ते पुसले जाण्याचा धोका असतो.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक आहे हे पोलिसांनी लिहून दाखवावे लागते, नाहीतर नोटीस देऊन बोलवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालामुळे, 2014 पासून, हे मॅजिस्ट्रेटनेही तपासून पाहायचे असते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून पहिल्या पेशीला गप्प उभे राहू नये. कसाबच्या अपिलात, 2012 साली, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपी प्रथम समोर येताच त्याला वकिलाचा हक्क समजावणे, आणि वकील नसेल तर सरकारी खर्चाने तो देणे, हे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्य आहे. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. असा मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा फोन क्रमांक 15100 आहे.