तुम्ही विचारलंत म्हणून: कोमेनियसच्या शेजारी ही गायिका कशी?

निवृत्त होईपर्यंत मी अध्यापक महाविद्यालयात शिक्षणाचा इतिहास शिकवत होतो. घरी येणारे जुने विद्यार्थी माझ्या कपाटात कोमेनियसवरच्या पुस्तकांना टेकवून ठेवलेली मार्ता कुबिशोवाच्या गाण्यांची तबकडी पाहतात आणि हमखास विचारतात, की सर, झेक भाषा तुम्हाला येत नाही, मग ही पॉप गायिका इथे कशी? दारातल्या दारात देण्याजोगे हे उत्तर नाही, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

बी.एड.च्या परीक्षेपुरता आपण ज्याला कोमेनियस म्हणतो, तो शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्की 1592 मध्ये मोराव्हियात जन्मला, धर्मछळामुळे त्याला देश सोडावा लागला आणि 1670 मध्ये तो परदेशातच वारला. परागंदा असताना 1650 मध्ये, आपल्या मोडून पडलेल्या धर्मसंघाचे जणू मृत्युपत्रच म्हणून लिहिलेल्या एका पुस्तिकेत त्याने अशी आशा व्यक्त केली, की कोपाची वादळे सरल्यावर झेक लोकांचा कारभार पुन्हा त्यांच्याच हाती येईल. तीनशेहून अधिक वर्षांनी, 1968 मध्ये, पेत्र राडा या गीतकाराने हे शब्द एका गाण्यात गुंफले, यिंदर्झिख ब्राबेत्स यांनी त्याला चाल दिली आणि ते गायले मार्ता कुबिशोवाने. या गाण्याचे नाव ‘मार्तासाठी प्रार्थना’.

आता गंमत अशी, की हे गाणे रणगाड्यांसमोर उभे राहून म्हणण्यासाठी रचलेले नव्हतेच. ते होते दूरचित्रवाणीवरच्या एका हलक्याफुलक्या संगीत मालिकेसाठी. 21 ऑगस्ट 1968 रोजी, तिथल्या सुधारणा चिरडण्यासाठी, सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील वॉर्सा करारातील कम्युनिस्ट देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि नेमक्या त्याच दिवसांत लोकांच्या कानी पडलेल्या या गाण्याचा अर्थ एका रात्रीत बदलला. या भूमीत शांती नांदो, द्वेष आणि भय सरून जावो, एवढेच ते मागते. ते गाणारा आवाज मात्र पॉप गायिकांच्या नेहमीच्या गोडव्याचा नव्हता. तो खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, घोगरेपणाकडे झुकणारा होता आणि माझ्या मते त्या आवाजाविना हे शब्द सुविचाराच्या फळ्यावरच राहिले असते.

तिला केवळ लढ्याची मूर्ती करून टाकणाऱ्यांशी माझे पटत नाही ते इथेच. ती आधी गायिका होती, आणि गर्दी खेचणारी गायिका होती. 1 नोव्हेंबर 1942 रोजी चेस्के बुद्येयोवित्से येथे जन्मलेली ही डॉक्टरची मुलगी. विद्यापीठात प्रवेश न मिळाल्यामुळे तिने पोद्येब्राडीच्या काचकारखान्यात काम केले आणि मग पार्दुबित्से, प्लझेन अशी गावोगावची छोटी रंगमंडळे करत ती प्रागच्या ‘रोकोको’ नाट्यगृहात पोहोचली. वाचकांच्या मतांवर ठरणारा ‘सोनेरी बुलबुल’ हा सन्मान गायिकांमध्ये तिने 1966, 1968 आणि 1969 असा तीनदा मिळवला. हेलेना वोंद्राचकोवा आणि वात्स्लाव नेत्स्कार्झ यांच्यासह 1968 च्या अखेरीस तिने ‘गोल्डन किड्स’ हे त्रिकूट काढले.

ते जेमतेम सव्वा वर्ष टिकले. 1970 च्या आरंभी, गायकांचे कार्यक्रम ज्या सरकारी संस्थेमार्फत ठरत तिच्या संचालकाने काही अश्लील छायाचित्रे पुढे करून त्यांतली स्त्री मार्ताच असल्याचा आरोप केला. छायाचित्रे बनावट होती. मार्ता न्यायालयात गेली, खटला जिंकलीही. पण त्या आरोपावरून तिच्या गाण्यावर घातलेली बंदी उठली नाही. त्या प्रार्थनेच्या गाण्यासाठी बंदी घातली असे उघड म्हणण्याची हिंमत त्या कम्युनिस्ट राजवटीला झाली नाही, एका बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणे तिला अधिक सोपे वाटले. मतदानात पहिली आलेली ही गायिका त्यानंतर घरी बसून प्लास्टिकच्या पिशव्या चिकटवत होती, आणि पुढे एका बांधकाम संस्थेत तिने कारकुनी केली.

1977 मध्ये मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या ‘चार्टर 77’ वर तिने सही केली. चार्टरचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या लांबलेल्या चौकशीनंतर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले, आणि पुढे प्रवक्त्यांमध्ये मार्ताही आली. पातोच्का हे कोमेन्स्कीचे मोठे अभ्यासक होते. कोमेन्स्कीचा अभ्यासक गेला आणि त्याचे शब्द गाणारी त्या कामाला उभी राहिली, हा योगायोग वर्गात सांगताना मला दरवेळी क्षणभर थांबावे लागे.

झेक गायक कारेल गॉट का नाही, असेही काही जण विचारतात. गॉटचा गळा निःसंशय मोठा होता आणि त्याची लोकप्रियता तर अतुलनीय होती. त्याच 1977 मध्ये चार्टरच्या विरोधात कलावंतांकडून सह्या घेतल्या गेल्या, त्यांत त्याचीही होती. त्याबद्दल मी त्याला गुन्हेगार ठरवत नाही. गाणे चालू राहावे असे कोणत्या गायकाला वाटत नाही? मार्तालाही ते वाटतच असणार, आणि म्हणूनच तिची वीस वर्षे मला त्यागाच्या झळाळीत पाहवत नाहीत. सत्ताविसाव्या वर्षी थांबवलेला आवाज सत्तेचाळिसाव्या वर्षी परत मिळाला, पण मधल्या काळातली गाणी कोणीच ऐकली नाहीत, आणि त्यांची भरपाई कोणत्याही पदकाने होत नाही.

नोव्हेंबर 1989 मध्ये, ती राजवट कोसळत असताना, प्रागमधील वात्स्लाव चौकातील एका सज्जातून तिने तीच प्रार्थना गर्दीसमोर पुन्हा गायली. 1990 च्या नववर्षदिनी राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी आपल्या भाषणाचा शेवट कोमेन्स्कीच्याच वाक्याने केला, फक्त त्याचा भविष्यकाळ बदलून: लोकहो, तुमचा कारभार तुमच्याकडे परतला आहे. मार्ता मात्र राजकारणाच्या वाटेला न जाता मैफलींकडे वळली, आणि बेवारस कुत्र्यामांजरांना घर मिळवून देणारा दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम तिने अनेक वर्षे चालवला. पंचाहत्तरी गाठल्यावर, 2017 मध्ये, तिने रंगमंचाचा निरोप घेतला.

कोणी बसून ऐकायला तयार असेल, तर मी प्रार्थना आधी लावत नाही. बीटल्सच्या ‘हे ज्यूड’चे तिने झेकमध्ये गायलेले रूप आधी ऐकवतो, विद्यार्थी मान डोलावू लागले, की मग कोमेनियसकडे वळतो.