आमची वाटचाल : पाणी नितळ राहीपर्यंत

सुरुवातीला आम्ही उत्प्रेरक बनवत नव्हतो. पहिली काही वर्षं वापरून संपलेल्या उत्प्रेरकांतून प्लॅटिनम परत मिळवून द्यायचं काम केलं. जुना माल आम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवायचा, अमोनियम क्लोराइड घालून पिवळा क्षार खाली बसवायचा, तो भाजला की करडं, स्पंजासारखं प्लॅटिनम हाती यायचं. त्या कामाने लागलेली एक सवय आजही कायम आहे. या धातूचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही. गाळणकागद, हातमोजे, टेबल पुसलेलं फडकं, सगळं एका झाकणाच्या डब्यात साठतं आणि डबा भरला की भट्टीत जातं.

एका ग्राहकाने विचारलं, हायड्रोजनच्या इंधनघटासाठी कार्बनवर बसवलेलं प्लॅटिनम द्याल का? धातू ओळखीचा होता, म्हणून मी आणि धाकट्या भावाने हो म्हटलं. अडचण किती खोल आहे, ते कामाला लागल्यावर कळलं.

असा घट हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी बनवताना वीज देतो. त्यात हायड्रोजनच्या बाजूचं काम तसं सोपं. हायड्रोजनचा रेणू प्लॅटिनमला भिडला की फुटतो. ऑक्सिजन मात्र चिवट. त्याच्या दोन अणूंमधला बंध तोडायचा, त्याला 4 प्रोटॉन आणि 4 इलेक्ट्रॉन पुरवायचे, पाण्याचे 2 रेणू तयार करायचे आणि जागा पुढच्या रेणूसाठी मोकळी करायची. दोनच इलेक्ट्रॉनांवर काम थांबलं तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि ते घटाचा, प्रोटॉन पलीकडे नेणारा पडदा हळूहळू पोखरतं. हिशेबाने असा घट 1.23 व्होल्ट द्यायला हवा. भाराखाली हातात 0.6 ते 0.7 व्होल्टच पडतात आणि या तुटीतला मोठा वाटा ऑक्सिजनच्या क्षपणाचा, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन पाणी बनवण्याचा, असतो. विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 च्या सुमारास आपल्या वायुघटात, म्हणजे इंधनघटाच्या सुरुवातीच्या रूपात, प्लॅटिनमच वापरलं होतं आणि आम्लधर्मी घटात आजही त्याच्या तोडीचा दुसरा धातू नाही. तरी तोही पुरता आदर्श नाही. नोर्स्कोव्ह हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये गणिताने दाखवलं, की प्लॅटिनम ऑक्सिजनला गरजेपेक्षा किंचित जास्त घट्ट धरतं. पकड थोडी सैल झाली तर वेग वाढेल. मिश्रधातूंची सगळी धडपड तेवढ्यासाठीच चालते.

आमची पद्धत साधी आहे. क्लोरोप्लॅटिनिक आम्ल इथिलीन ग्लायकॉलमध्ये घ्यायचं, अल्क घालायचं, तापवायचं. पिवळा द्राव तपकिरी होतो, मग काळा. त्यात काही नॅनोमीटरचे कण तयार झालेले असतात. नंतर कार्बन मिसळून द्राव आम्लधर्मी केला की कण कार्बनवर जाऊन बसतात. गाळायचं, धुवायचं, वाळवायचं.

पहिल्या बॅचचे कण सूक्ष्मदर्शकाखाली सुरेख दिसले, पण ऑक्सिजनवरची सक्रियता अपेक्षेच्या निम्मी आली. तीन आठवडे आम्ही चाचणीच्या फिरत्या इलेक्ट्रोडला, वायूच्या सिलिंडरला, कार्बनच्या पोत्याला दोष देत राहिलो. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंनी एका संध्याकाळी गाळणीखालचं शेवटचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. नळीत दुधासारखा पांढरा ढग पसरला. क्लोराइड! पाणी उदासीन झालं की धुणं संपलं असं आम्ही समजत होतो आणि क्लोराइड प्लॅटिनमवर नेमकं ऑक्सिजनच्या जागी ठाण मांडून बसलं होतं. तीच भुकटी पुन्हा गरम पाण्याने धुतली आणि आकडा वर आला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, थेंब टाकल्यावर पाणी नितळ राहीपर्यंत धुणं थांबत नाही. ताईंचा हा नियम मोडायची मलाही मुभा नाही.

दुसरा नियम एका जाळातून आला. कोरड्या भुकटीवर कुणीतरी थेट अल्कोहोल ओतलं. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन आणि अल्कोहोल भेटले की ते पेटायला ठिणगी लागत नाही. बीकरमधून ज्योत उठली, वेळेवर झाकली म्हणून निभावलं. आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'आधी पाणी, मग अल्कोहोल'. या धंद्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावं.

सर्वांत जिव्हारी लागली ती एका ग्राहकाची परत आलेली पेटी. आमच्या चाचणीत, म्हणजे परक्लोरिक आम्लात मिनिटाला 1600 फेऱ्यांवर फिरणाऱ्या इलेक्ट्रोडवर, माल उत्तम ठरला होता. त्यांच्या घटात प्रवाह वाढवला की व्होल्टेज कोसळत होतं. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. आमच्या चाचणीत उत्प्रेरकाचा थर पातळ असतो आणि ऑक्सिजन भरपूर. घटात ऑक्सिजनला आयोनोमरच्या (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या बहुवारिकाच्या) पापुद्र्यातून आणि तिथेच बनणाऱ्या पाण्यातून वाट काढावी लागते. थरात आयोनोमर मिसळायच्या ज्या युक्तीने 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दर चौरस सेंटिमीटरचं प्लॅटिनम 4 मिलिग्रॅमवरून 0.4 च्या घरात आणलं, तिच्याकडे आम्ही काणाडोळा केला होता. कर्ज काढून एका घटाचं चाचणीयंत्र घेतलं. आता प्रत्येक बॅचसोबत दोन्ही आकडे जातात.

कोबाल्टचा मिश्रधातूही करतो, तीन अणू प्लॅटिनमला एक कोबाल्ट. तो गरम आम्लात आम्हीच आधी धुऊन घेतो, कारण सैल कोबाल्ट नंतर घटात सुटला तर पडद्यात जाऊन बसतो.

कणांच्या आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. 2 नॅनोमीटरखालचे कण कागदावर देखणे दिसतात, पृष्ठभाग जास्त, धातू कमी. पण ते विरघळतात आणि तोच धातू मोठ्या कणांवर जाऊन साचतो. 0.6 ते 0.95 व्होल्टमध्ये 30,000 आवर्तनांची चाचणी आम्ही करतो. दर टोकाला 3 सेकंद, म्हणजे सलग 50 तास. अतिबारीक कण त्यात टिकलेले मी पाहिले नाहीत. म्हणून आम्ही 3 ते 4 नॅनोमीटरच देतो. यापायी काही ऑर्डरी गेल्या, तरी निर्णय बदललेला नाही.

आता एक वर्तुळ पुरं होतंय. सर्वांत जुन्या ग्राहकाने वापरून झालेले घट आमच्याकडेच परत पाठवले. आतलं प्लॅटिनम आम्हीच दिलेलं. हे डब्यातल्या फडक्यासारखं भट्टीत घालता येत नाही, पडद्यात फ्लोरिन असतं आणि जाळलं तर हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. म्हणून पाणी-अल्कोहोलात भिजवून काळा थर पडद्यापासून हाताने सोडवला, मग आमची जुनीच आम्लराजाची वाट. त्या धातूची पहिली बॅच या आठवड्यात गाळणीवर आहे. आज सकाळी ताईंनी थेंब टाकला तेव्हा पाण्यात फिकट पांढुरकी रेघ उमटली. अजून दोन पाणी तरी लागतील.