होजवर मागं उभा राहणारा

आपल्या शाळेतून गुरुजी झाले, मिलिटरीत गेले, पुण्याला कंपनीत लागले, साखर कारखान्यावर चिकटले, पण फायर ब्रिगेडमध्ये गेलेले फार थोडे. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत त्याबद्दलच लिहितो. कर्नाटकच्या अग्निशमन खात्यात फायरमन म्हणून लागलो, शेवटची वर्षं नवीन पोरांना ट्रेनिंग देण्यात गेली, आता रिटायर होऊन गावी आलोय.

ट्रेनिंग बेंगळुरात, बन्नेरघट्टा रोडला, आता त्याला आर. ए. मुंडकूर अकॅडमी म्हणतात. सगळी ऑर्डर कन्नडमधून नाहीतर इंग्लिशमधून, मराठीचा एक शब्द कानावर यायचा नाही. आपल्या कन्नडच्या बाईंनी आठवीपासून वर्गात उभं करून कन्नड बोलायला लावलं होतं म्हणून तिथं निभावलं, बाई हे वाचत असतील तर त्यांना माझा नमस्कार. शेजारच्या कॉटवर अथणीकडचा एकजण होता, मी त्याला अण्णा म्हणायचो आणि तो मला नावानं कधीच हाक मारायचा नाही, नुसतं "निप्पाणी" म्हणायचा. पुढं नशिबानं एकाच स्टेशनला पोस्टिंग मिळालं. त्याच्या घरची ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, माझ्या घरचा झुणका, ड्यूटीला आलं की डबे आधी एकत्र व्हायचे मग हजेरी.

आपल्या भागातल्या आगी म्हणजे उन्हाळ्यात उसाचे फड, कडब्याच्या गंज्या, कारखान्यातला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, ढीग आणि निपाणी बाजूला तंबाखूच्या वखारी. फड पेटला तर निदान दिसतो तरी, वारा कुठला आहे बघून पुढून अडवता येतो. वखारीचं तसं नाही, तिथं ज्वाळा कमी आणि धूरच धूर, पोती आतल्या आत धुमसत असतात, वरून कितीबी पाणी मारा आतपर्यंत जात नाही.

अशाच एका वखारीत रात्री आम्ही आत शिरलो. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडाला मास्क. तंबाखूच्या धुरात टॉर्चचा उजेड हातभरसुद्धा पुढं जात नव्हता. ब्रांच, म्हणजे होजच्या (पाण्याच्या लांब पाइपच्या) टोकाची पितळी नळी, माझ्या हातात आणि मागं अण्णा. पाणी सुरू झालं की ब्रांच माणसाला मागं ढकलते, एकट्यानं धरली तर पाय सरकतात, म्हणून मागचा माणूस होज काखेत दाबून पुढच्याच्या पाठीला खांदा लावून उभा राहतो. अण्णाचा खांदा माझ्या पाठीला लागलाय एवढंच मला त्या अंधारात कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. थोड्या वेळानं त्याच्या सेटची, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडर-मास्कची, शिट्टी वाजली. सिलिंडरमधली हवा संपत येऊन तिचा दाब साधारण ५० बारवर आला की ती शिट्टी आपोआप वाजते. एकाची वाजली की दोघांनी बाहेर यायचं, माझ्यात अजून हवा आहे, तू हो पुढं, असलं काही चालत नाही. वळलो आणि गुडघ्यावर बसून होज चाचपत निघालो. दोन होज जिथं जोडलेले असतात त्या कपलिंगला एका बाजूला दोन कान असतात, ते कान ज्या बाजूला हाताला लागतील तिकडं पंप, म्हणजे तिकडं दार. भिंत नाही दिसली तरी चालतंय, होज सोडायचा नाही. मग नवीन सिलिंडर लावून परत आत. उजाडेपर्यंत एकेक पोतं ओढून बाहेर फोडायचं, विस्कटायचं आणि भिजवायचं चालू होतं. त्याच वखारीत कामाला असणाऱ्या बायका सकाळी आल्या, बघून रडल्या, कारण त्यांचा रोजगार त्यात होता, आणि त्यांच्यातल्याच एका मावशीनं घरी जाऊन किटलीभर चहा करून आणला. तो चहा आम्ही कुणीच विसरलो नाही.

ट्रेनर झालो तेव्हा बिदर, विजयपूर, कारवार, सगळीकडची पोरं हाताखाली यायची. अंगानं तगडी, शिडीवर माकडासारखी चढणारी, पण धुराच्या खोलीत घातलं की त्यातला एखादा मास्कच ओढून काढायचा. अशाला मी कधी ओरडलो नाही. त्याला एका जुन्या माणसाच्या मागं होजवर उभा करायचो, पुढचा काय करतो ते अंगाला कळू दे म्हणायचो, मग हळूहळू त्याला पुढं घ्यायचो. भीती जात नाही, जाऊ पण नये, पण मागं कोण आहे हे माहीत असलं की हात कापत नाहीत.

दरवर्षी १४ एप्रिलला मानवंदना असायची. त्या दिवशी १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला, आणि आग विझवता विझवताच स्फोट झाले. ६६ अग्निशमन जवान गेले. पोरांना हे सांगताना मी गाठींवर जास्त बोलायचो, कारण ती कापसाची गाठ आणि आपलं तंबाखूचं पोतं आगीच्या बाबतीत भाऊ-भाऊच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आगीचं खातं पाण्यातच होतं. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, घटप्रभा सगळ्या एकदम फुगल्या, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला. रबरी बोटीतून माणसं काढत होतो. म्हातारी माणसं म्हशीला सोडून बोटीत बसायला तयार नव्हती, आणि त्यांना चूक तरी कसं म्हणायचं. दावी कापून जनावरं मोकळी केली तेव्हा कुठं ती बोटीत बसली. त्या बोटींवर माझ्या हाताखाली शिकलेली पोरं होती, आता ती मला सांगत होती, सर तुम्ही मागं बसा. मला फार बरं वाटलं.

आता शाळेसाठी एक मागणं आहे आणि ते अगदी मनापासून आहे. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. आपल्या शाळेतही दुपारचं जेवण शिजतं. सिलिंडर वर्गापासून लांब, मोकळ्या हवेच्या जागी ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून वास आला की आधी रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, लाइटचं बटण चालू-बंद काहीच करू नका. तेलाची कढई पेटली तर पाणी नको, झाकण ठेवा. आणि शाळा चालू असताना मागच्या गेटला कुलूप नको, किल्ली शिपायाच्या खिशात असून काही उपयोग नाही.

समारंभ झाल्यावरच्या शनिवारी सकाळी मी ग्राउंडवर येतो. हेडसरांशी बोललोय, गाडीसाठी स्टेशनला अर्जही दिलाय. नववी-दहावीच्या मुलामुलींनी बूट घालून यायचं, दोघा-दोघांनी मिळून होज धरायचा आणि थोड्या वेळानं पुढच्या-मागच्यानं जागा बदलायची.