आमची वाटचाल : तिढा गाडीत नव्हता

आमच्या वर्कशॉपमधली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे टेबलावरची काच. १२ मिमी जाड, तीन फूट बाय दोन फूट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. दुकान मोडणाऱ्या एका कापड व्यापाऱ्याच्या शोकेसमधून ती आम्ही २००९ साली घेतली. तेव्हापासून आमच्या हातून जी जी आरसी गाडी, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी रेसिंग गाडी, सरळ झाली, ती या काचेवरूनच उठून ट्रॅकवर गेली.

मी मूळचा मोटार रिवाइंडिंगवाला. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या मोटारी जळायच्या, मी त्या भरून द्यायचो. अण्णा त्याच गल्लीत जॉबर होते. माग बिघडला की कारखानदार आधी अण्णांना शोधायचे. अण्णा आल्यावर लगेच पाना हातात घेत नसत. दोन मिनिटं नुसते उभे राहून खडखडाट ऐकायचे आणि सांगायचे, "धोटा उशिरा सुटतोय." तसंच असायचं. माझ्याकडे होटगी रोडच्या एका घरातून रेसिंग गाडीची ५४० मापाची मोटर आली, ती दुरुस्त केली, आणि त्या मुलाने विचारलं, "गाडी एकीकडे ओढते, तेही बघता का?" मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी गाडी अण्णांकडे नेली. त्यांनी मागचे दोन शॉक, म्हणजे तेल भरलेले शॉक ॲबसॉर्बर, काढले, दोन्ही हातांत एकेक धरून एकदम दाबले आणि म्हणाले, "हे दोघं भाऊ न्हाईत. ह्याच्या पोटात हवा हाय." आमची भागीदारी त्या वाक्यावर सुरू झाली. कागद नव्हता. निम्मं-निम्मं, एवढंच बोलणं झालं.

पहिले दोन महिने आम्ही शहाबादी फरशीवर गाड्या तपासत होतो. घरोघरी तीच फरशी, दिसायला पाण्यासारखी सपाट. पद्धत सगळ्यांना माहीत आहे: गाडी दोनदा दाबून सोडायची, सस्पेन्शन बसू द्यायचं, मग चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पुढच्या टोकाला बरोबर मध्यावर स्क्रूड्रायव्हरची दांडी घालून हळूहळू उचलायचं आणि कोणतं चाक आधी सुटतं ते बघायचं. दोन्ही एकदम सुटली तर गाडीत तिढा नाही, म्हणजे कर्णातल्या दोन चाकांवर जास्त भार नाही. आमच्याकडे प्रत्येक गाडीचं डावं चाक उशिरा सुटायचं. आम्ही शॉकच्या स्प्रिंगला स्पेसर, म्हणजे चकत्या, टाकून ते जुळवायचो, आणि मैदानावर गाडी आणखी वेडीवाकडी पळायची. अशा आठ गाड्या आम्ही बिघडवून दिल्या. आठही जणांना पैसे परत केले.

मी मूर्ख नव्हतो. मी गाडी पुढची मागे करून, म्हणजे अर्धी फिरवून ठेवून बघितली होती. तेव्हाही डावंच चाक उशिरा सुटलं, म्हणून मी फरशीला निर्दोष ठरवलं. इथेच फसलो. तिढा कर्णावर असतो. गाडी अर्धी फिरवली तरी कर्ण तोच राहतो, फक्त टोकं बदलतात. अण्णांनी गाडी पाव फिरवली, उभीची आडवी ठेवली, आणि लगेच उजवं चाक मागे पडलं. "तिढा गाडीत न्हाई बे, फरशीत हाय." दुसऱ्या दिवशी काच आली.

नवीन मुलांना मी आजही सांगतो, चार हजारांचा रंगीत ॲल्युमिनियमचा सेट-अप बोर्ड घेण्याआधी काचवाल्याकडे जा आणि १० किंवा १२ मिमीचा तुकडा घ्या. आणि ॲल्युमिनियमचे आर्म, म्हणजे चाक धरणारे हात, तर अजिबात घेऊ नका. प्लास्टिकचा आर्म धडकेत वाकतो आणि परत येतो, ॲल्युमिनियमचा आर्म तोच धक्का पुढे बल्कहेडला, म्हणजे तो जिथे जोडलेला असतो त्या भागाला, नेऊन देतो. हत्यारांत मात्र कंजूषी नको. १.५, २ आणि २.५ मिमीचे हेक्स ड्रायव्हर चांगल्या पोलादाचे हवेत, टोक गोल झालं की त्याच दिवशी बदला. घासलेल्या ड्रायव्हरने एक स्क्रू गोल केला की त्याच्यामागे अर्धा दिवस जातो. ५.५ आणि ७ चे नट ड्रायव्हर, टर्नबकलचा, म्हणजे लांबी कमी-जास्त करायच्या दांडीचा, पाना, एक विश्वासाचा व्हर्नियर, चाकाचा कल मोजायला कॅम्बर गेज, राइड हाइटसाठी, म्हणजे जमिनीपासूनच्या उंचीसाठी, पायऱ्यांची पट्टी. आमचे चार वजनकाटे सराफाकडून जुने घेतले आहेत, प्रत्येक चाकाखाली एक. सोमवारी सकाळी चारही काट्यांवर तेच एक ५०० ग्रॅमचं वजन ठेवून बघायचं, मगच कामाला सुरुवात. हा नियम अण्णांचा. निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक, धातूत जाणाऱ्या स्क्रूलाच लावा, प्लास्टिकला लावू नका, प्लास्टिक तडकतं.

२०११ ते २०१६ बद्दल लिहिण्यासारखं फार नाही. काम येत राहिलं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या पुढे एक पडीक जागा भाड्याने घेतली, काळ्या मातीवर मुरूम टाकला, रोलर फिरवला, पाणी मारून ट्रॅक बसवला. बार्शी, पंढरपूर, विजापूरकडून गाड्या यायला लागल्या.

आता २०१६चा डिसेंबर. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

शहरात तोवर आणखी एक दुकान निघालं होतं. मोठं, एसीचं, शोरूमसारखं. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे पूर्ण तयार गाड्या मिळायच्या, आमच्याकडे फक्त काम. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा त्यांच्याकडे गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पगार जास्त होता. पण जाताना त्याने आमच्या सेट-अपच्या, म्हणजे कोणती गाडी कोणत्या आकड्यांवर बसवली त्याच्या, वहीचे फोटो नेले. तिथे त्यातलं एक पान छापलं गेलं. वर मथळा टाकला, 'सोलापूर सेट-अप', आणि त्या पानाप्रमाणे चारचाकी ड्राइव्हच्या, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या बगी बसवून 'रेस रेडी' म्हणून विकल्या. नऊ गाड्या.

ते पान मे महिन्यातलं होतं. त्यात पुढच्या शॉकला ५०० चं तेल लिहिलेलं होतं. सिलिकॉन तेलाच्या बाटलीवरचा आकडा म्हणजे २५ अंश तापमानाला असलेला त्याचा दाटपणा. आमच्या मे महिन्यात, ४३ अंशांत, ५०० चं तेल साधारण साडेतीनशेसारखं वागतं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं. तेच तेल डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत सहाशेच्या वर जातं. मग लहान खड्ड्यांवर चाक जमिनीच्या मागे धावायचं विसरतं, पिस्टनच्या भोकांतून तेल वेळेत जात नाही, उडीनंतर गाडी बसण्याऐवजी उसळते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ऋतूला दोष दिला असता. पण त्या पानावर मागच्या शॉकचे स्पेसर डावीकडे ४ मिमी आणि उजवीकडे २ मिमी लिहिलेले होते. ते का, हे मला आणि अण्णांनाच माहीत होतं. ज्याच्या गाडीचं ते पान, तो जुनी सहा सेलची निकेल बॅटरी वापरायचा, चारशे ग्रॅमच्या आसपासची, डाव्या बाजूला. ती बाजू खाली बसायची, म्हणून डावीकडे जास्त स्पेसर. त्या नऊ गाड्यांत हलकी लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी होती. म्हणजे सरळ गाडीत आमच्याच आकड्याने तिढा घातला गेला. मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक नको तेवढं दाबलं गेलं. डाव्या वळणाला गाडी वळायचीच नाही, उजव्या वळणाला शेपूट सोडायची.

लोक काय म्हणणार? कागदावर सोलापूर सेट-अप लिहिलेलं, आणि सोलापुरात सेट-अप करणारे आम्ही. नोव्हेंबरमध्ये ५०० आणि १००० च्या नोटा बंद झालेल्या, आमचा सगळा धंदा रोखीचा, आधीच हात बांधलेले. त्यात हे. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात वर्कशॉपमध्ये तीन गाड्या आल्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली, होम मैदानावर पाळणे फिरत होते, आणि मी घरात बसून ट्रॅकच्या जागेचं भाडं कुठून द्यायचं याचा हिशेब करत होतो. जागा फेब्रुवारीत सोडली. स्वतः टाकलेला मुरूम तिथेच राहिला. मोटरसायकल विकली. मी त्या दुकानात एकदा गेलो, हात जोडून म्हटलं, निदान वरचं नाव काढा. मला काउंटरवरच्या मुलाने बसायलाही सांगितलं नाही. आतून निरोप आला की सेट-अपवर कुणाची मालकी नसते. खरं आहे, नसते. पण आकडा उचलायचा तर त्याच्यामागचं कारणही उचलावं, एवढं तरी.

अण्णांनी सात महिने वाटा घेतला नाही. रात्री पुन्हा मागांवर जाऊ लागले, साठीच्या वयात. मला सांगितलंही नाही. त्यांच्या सुनेकडून कळलं.

मार्चमध्ये बार्शीचे काका आले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो, द्राक्षाची बाग आहे, पन्नाशीनंतर या नादाला लागलेले. त्या नऊपैकी एक गाडी त्यांनी घेतली होती. सत्तर किलोमीटर मोटारसायकलवर येऊन त्यांनी गाडी आणि तो छापील कागद काचेवर ठेवला. म्हणाले, "तुम्ही असं वेगवेगळं कधी लावत नाही. लावलं तर कारण सांगता. हे कुणी केलं?" मी कागद वाचला आणि मला बोलता येईना. अण्णांनी वही उघडून मूळ पान दाखवलं. कोपऱ्यात पेन्सिलने त्यांचं अक्षर होतं: "जड बॅटरी. फक्त हीच गाडी." छापताना ती ओळ गाळलेली.

उरलेल्या आठ जणांना काकांनीच फोन केले. सहा जण आले. एका रविवारी सकाळी सात वाजता सुरू केलं. आधी सगळे स्पेसर काढून शून्यावर आणलं, अँटी-रोल बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांडीच्या, लिंक सोडल्या, कारण बार वाकडा असेल तर तोही तिढा देतो. डावी-उजवी राइड हाइट २२ मिमी, काट्यावर मागची दोन चाकं पाच ग्रॅमच्या फरकाच्या आत, पुढची दोन तशीच. बॅटरी एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवूनच निम्मं काम झालं. कॅम्बर उणे एक अंश, मागे तीन अंश टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली. शॉकचं तेल काढून पुढे ४०० आणि मागे ३५०, पिस्टन तळाशी नेऊन, हळूहळू वरखाली करून बुडबुडे येऊ दिले आणि दहा मिनिटं उभे ठेवले. ही दहा मिनिटं कुणी थांबत नाही, म्हणून शॉकमध्ये हवा राहते. शेवटी बार लावले. अण्णा प्रत्येक मालकाच्या हातात दोन-दोन शॉक देत होते आणि म्हणत होते, "दाबा. आता भाऊ हाईत का बघा." पैसे घेतले नाहीत. सातव्या गाडीपर्यंत दुपारचे चार वाजले. काकांनी घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही काचेशेजारीच खाल्ली.

तिथून पुन्हा माणसं यायला लागली. त्या दुकानाने चूक आजवर मान्य केलेली नाही. ते पान त्यांनी छापायचं बंद केलं, गुपचूप. मला त्याचं अजून वाईट वाटतं, आणि लपवायचं काही कारण दिसत नाही.

नंतरचा मोठा फटका फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पाचा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, आणि पाठोपाठ टाळेबंदी. सुट्या भागांचे भाव बघून लोकांनी नवीन गाड्या घेणं थांबवलं आणि जुन्या नीट करून घेतल्या. आमचं काम दुरुस्तीचं, म्हणून आम्ही टिकलो. त्या काळात शॉक टॉवर, म्हणजे शॉक वर जिथे बसतो तो भाग, आणि चेसिस प्लेट ग्लास फायबरच्या शीटमधून इथेच कापायला शिकलो. शीट भिंतीला टेकवून उभी ठेवू नका. पत्र्याखालच्या उकाड्यात ती बाक घेते आणि मग कापलेली प्रत्येक प्लेट जन्मतः वाकडी. आडवी ठेवा, वर वजन ठेवा.

धंदा करणाऱ्यांना आणखी एक सांगतो. भागीदारीचा कागद करा. आमचं कागदाविना निभलं ते अण्णा होते म्हणून, सगळ्यांना अण्णा मिळतील असं नाही. आणि कामाची वही मोकळी ठेवा, शिकणाऱ्याला बघू द्या, पण प्रत्येक आकड्याशेजारी कारण लिहा. आमच्या आताच्या छापील कागदावर सगळ्यात वर तापमानाचा रकाना आहे, त्याखाली बॅटरीच्या वजनाचा. ते दोन भरल्याशिवाय पुढचं काहीच लिहायचं नाही.

हे लिहितोय तेव्हा काकांची गाडी काचेवर आहे. मागचा डावा शॉक गळतोय, खालची ओ-रिंग गेली आहे, दांडीवर बारीक ओरखडा आहे, म्हणजे दांडीही बदलावी लागेल. सकाळचे अकरा वाजलेत आणि भिंतीवरचा तापमापक ३९ दाखवतोय. ४५० ची बाटली काढून ठेवली आहे. अण्णांना आता बारीक दिसत नाही, पण शॉक दाबून बघायला ते बारा वाजता येतात. ते आले की तेल भरू.